मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी वस्तीतला स्वयंपाकवर्ग: सोलापुरात कसा चालवावा

पस्तिशीतला मुलगा आणि सत्तरीतली आई, असं घर सोलापूरच्या कुठल्याही पेठेत सापडतं. स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत, कानातले आवाज बरेच शांत झालेत, पण मुलगा स्वतःपुरता चहासुद्धा टाकत नाही. आईला घोर एकच: मी गेल्यावर ह्याचं कसं? वर्ग काढायचा तो ह्या प्रश्नासाठी. लोकांचा वेळ जावा म्हणून काढला, तर चार आठवड्यांत सतरंजीवर फक्त कार्यकर्ते उरतात.

म्हणून वर्ग नीट चालला की नाही, हे वर्गात कळत नाही. मंगळवारी शिकवलेली खिचडी गुरुवारी घरच्या शेगडीवर झाली का, एवढंच बघायचं. भांडी, मापं, गट, वेळ सगळं त्यावरून ठरवायचं.

कोणाला घ्यायचं, किती जणांना

दहा आठवड्यांच्या एका तुकडीत आठ-नऊ जण. त्यांचे तीन गट, प्रत्येक गटाला स्वतंत्र शेगडी. बारा झाले की प्रत्येकाच्या हाताला काम उरत नाही आणि बुजरा माणूस भिंतीला टेकतो, तो दिवसभर तिथंच.

औषध चालू असलेला, घोळक्यात तासभर बसू शकणारा माणूस घ्यावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला वर्गाची कल्पना असावी, आणि वर्ग हा औषधाला पर्याय नाही हे पहिल्याच दिवशी घरच्यांनाही सांगावं. कोणी अजून उपचारालाच लागलेलं नसेल, तर आधी सिव्हिलची मानसोपचार ओपीडी, मग परात.

तिघं चालवणारे लागतात. एक स्वयंपाक शिकवणारी व्यक्ती, एक मानसिक आरोग्याचं काम केलेली (समाजकार्यकर्ती, परिचारिका, समुपदेशक), आणि तिसरा मोकळा माणूस. हा मोकळा माणूस लोकांना फालतू खर्च वाटतो, पण एखादा मधेच उठून बाहेर गेला की त्याच्यामागे जाणारं कोणीतरी लागतं. शिकवणारी उठली तर तिची कढई जळते.

दोन-तीन शेजारीपाजारी, ज्यांना कसलाही आजार नाही, तेही ह्या आठ-नऊ जणांतच असू द्या. वर्गाच्या नावात 'मनोरुग्ण' हा शब्द नको, फलकावर तर नकोच. 'घरचा स्वयंपाक वर्ग' एवढं नाव पुरतं. कोणाला काय आजार आहे ही माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम २३ नं दिलेला आहे. फोटो काढून स्टेटसला टाकणं हा त्या हक्कावरचा रोजचा घाला. व्हॉट्सअॅपचा ग्रुपही करू नका, त्यात सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. निरोप ब्रॉडकास्ट लिस्टवर द्या, नाहीतर फोन करा.

वेळ आणि जागा

सकाळी आठची वेळ कागदावर छान दिसते. पण रात्रीच्या गोळ्यांची गुंगी सकाळी उतरलेली नसते, आणि नैराश्यात बऱ्याच जणांची सकाळच सगळ्यात जड जाते. अकरा ते एक ही वेळ धरा. शहराच्या पूर्व भागात, विडी कामगारांच्या वस्तीत, वर्ग असेल तर आणखी एक हिशोब आहे. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजार विड्यांमागे मिळते, तिची दुपार गेली की पैसे गेले. तिथं तिच्या सुट्टीचा दिवस बघा. तंबाखूचे हात साबणानं दोनदा धुवूनच पिठाला लावायचे, हे मात्र सगळ्यांना एकदमच सांगा, तिला एकटीला नको.

समाजमंदिर, मंगल कार्यालयाचं मागचं स्वयंपाकघर, संस्थेची खोली काहीही चालेल. तीन गोष्टी बघा: चालत येण्याजोगं अंतर, दोन दारं, आणि बाजूला एक शांत कोपरा जिथं मोरी-शेगडीचा आवाज कमी येतो. सोलापुरात नळाला रोज पाणी येईलच असं नाही, तेव्हा ५० ते ६० लिटर पाणी पिंपात आदल्या दिवशी भरून ठेवा. हात धुणं, धान्य धुणं आणि भांडी ह्यातच ते संपतं.

कुकर नको. अचानक होणाऱ्या शिट्टीनं दचकणारे लोक तुकडीत असतात, आणि ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांच्यातल्या काहींना मिक्सर-एक्झॉस्टची सततची घरघर सहन होत नाही. झाकणाचं पातेलं घ्या. कुकर पुढं कधीतरी, ज्याच्या घरी आहे त्याच्यापुरता शिकवा.

इंडक्शन सुरक्षित म्हणून आणलं जातं. त्यात दोन अडचणी. एक शेगडी २००० वॅटपर्यंत वीज खेचते. तीन एका लाईनवर लावल्या तर एमसीबी (विजेचा सुरक्षा-खटका) पडतो, आणि पिठलं अर्धं कच्चं राहतं. दुसरी अडचण मोठी: घरी गॅस आहे. ह्या आजारांत एका जागी शिकलेलं दुसऱ्या जागी आपोआप वापरता येत नाही, बटणाची शेगडी शिकलेला माणूस घरच्या गॅससमोर पुन्हा नवखा होतो. म्हणून गॅसच घ्या, व्यावसायिक टाकी घ्या (घरगुती टाकी अशा कामाला वापरायची नसते), आणि पहिले दोन वर्ग फक्त शेगडी पेटवण्या-विझवण्याला द्या. रेग्युलेटर बंद, मग बर्नर बंद, मग बोटानं दोन्ही दाखवायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, 'टाकी बंद, शेगडी बंद.' वास आला तर विजेचं कुठलंच बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या, बाहेर पडून १९०६ ह्या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करायचा.

सुऱ्या

तीन गटांना तीन सुऱ्या, त्यावर १, २, ३ असे आकडे. दार उघडल्यावर मोजायच्या, निघताना मोजायच्या, आणि मोजल्याशिवाय चप्पल घालायची नाही. हे सगळ्यांसमोर, डबे मोजतो तसं मोजायचं. लपवून मोजलं की संशय वाटतो. एखाद्यानं नुकतीच स्वतःला इजा केली असेल तर त्या आठवड्यात त्याला सुरीचं काम नको, शेंगा सोलायचं द्या. कारण त्याला एकट्याला सांगा.

विळी वर्गात नको. लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट ह्या मनाचे चढउतार आवरणाऱ्या गोळ्यांमुळे हात थरथरणाऱ्याला पात्याकडे बोट न्यावं लागतं, आणि खाली मांडलेल्या उघड्या पात्यावरून कोणाचाही पाय जातो. पण घरी विळीच असते, म्हणून सातव्या-आठव्या आठवड्यात एकेकाला बाजूला बसवून ती दाखवावी. हात फार थरथरत असेल तर पालेभाजी निवडणं, वाटाणा सोलणं, लसूण खलबत्त्यात चेचून साल काढणं ही कामं आहेतच.

औषधं आणि स्वयंपाकघर

ही माहिती चालवणाऱ्यांसाठी आहे. गोळी बदलायचा किंवा थांबवायचा सल्ला कोणी वर्गात द्यायचा नाही.

- लिथियम घेणाऱ्यानं मीठ एकदम कमी करू नये आणि पाणी कमी पडू देऊ नये. मीठ किंवा पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. निर्जळी उपवास, रोजा, जुलाब, एप्रिल-मेचं ऊन ह्या वेळा धोक्याच्या. उपवासाआधी डॉक्टरांना विचारलंच पाहिजे. उलट्या, जुलाब, जास्तच थरथर, तोल जाणं दिसलं तर दवाखाना, उद्यावर टाकायचं नाही.
- ट्रायहेक्सिफेनिडिलनं (दुसऱ्या गोळ्यांमुळे येणारी थरथर-ताठरता कमी करायला देतात ती गोळी) तोंड कोरडं पडतं, घाम कमी येतो, जवळचं धूसर दिसतं. बारीक चिरणं अवघड जातं आणि चुलीजवळ उष्णता लवकर चढते.
- ओलान्झापिन, क्लोझापिन ह्या स्किझोफ्रेनियावरच्या गोळ्यांनी भूक आणि वजन वाढतं. ताटाला तेल माणशी एक छोटा चमचा हे माप पाळा. गोड पदार्थ दोन महिन्यांत एकदाच, हुग्गी (गव्हाची खीर) केली तर ती.
- एखादा सारखा उठतो-बसतो, पाय हलवतो, त्याला एका जागी राहवत नाही. ही कंटाळ्याची खूण असेलच असं नाही, औषधाचा परिणामही असू शकतो. त्याला उभ्यानं करायचं काम द्या, आणि डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा.
- फिट येण्याचा इतिहास असेल तर तो माणूस आचेपाशी एकटा नको.

एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो तेव्हा वर्ग सकाळी नऊला आणा आणि आच न लागणारं करा: ताक, कोशिंबीर, भेळ, चटण्या. गुंगीची अडचण तेव्हाही राहते, पण तापलेल्या पत्र्याखाली दुपार काढण्यापेक्षा ती परवडते.

मापाची वाटी

पहिल्या दिवशी प्रत्येकाला १५० मिलीची एक स्टीलची वाटी द्या, तिच्यावर नखरंगानं त्याची खूण करा. सगळी मापं ह्याच वाटीची. 'अंदाजानं', 'चवीनुसार', 'लागेल तसं' हे शब्द वर्गातून हद्दपार करा. जिला पन्नास वर्षं सवय आहे तिचा अंदाज बरोबर येतो. ज्याला निर्णय घेणंच जड जातं, त्याचा हात 'चवीनुसार' ह्या एका शब्दापाशी अडतो आणि तो चमचा खाली ठेवून देतो.

दहा माणसांचं एक मोठं पातेलं करू नका. घरी कोणी दहाजणांचं करत नाही. प्रत्येक गटानं चौघांपुरतं करायचं.

खिचडीचं कार्ड

साहित्य, चौघांना: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी मूगडाळ, ८ वाट्या कढत पाणी, ४ छोटे चमचे तेल, मोहरी-जिरं अर्धा-अर्धा छोटा चमचा, लसणाच्या ६ पाकळ्या, अर्धा छोटा चमचा हळद, दीड छोटा चमचा मीठ.

कार्डावर एका ओळीत एकच क्रिया. शेजारी चित्र, कारण गटात मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी बोलणारे एकत्र असतात आणि काहींना वाचता येत नाही.

१. तांदूळ-डाळ मोजा.
२. तीन पाण्यानं धुवा.
३. भिजत ठेवा. घड्याळ बघा: २० मिनिटं.
४. दुसऱ्या बर्नरवर पाणी तापत ठेवा.
५. लसूण ठेचा.
६. पातेल्यात तेल. मंद आच.
७. मोहरी घाला. तडतडली की जिरं, मग लसूण, मग हळद.
८. निथळलेले तांदूळ-डाळ घाला. हलवा. २ मिनिटं.
९. कढत पाणी, मीठ.
१०. उकळी आली की आच मंद. झाकण तिरकं. २० ते २५ मिनिटं.
११. टाकी बंद, शेगडी बंद.
१२. झाकून १० मिनिटं.

बोलतानाही एका वेळी एकच: 'लसूण ठेचा.' झालं की पुढचं. 'लसूण ठेचून झाला की हळद काढून ठेव आणि पाण्याकडे लक्ष असू दे' ह्या वाक्यातलं पहिलंच ऐकू जातं. चूक होऊ देऊन मग सुधारण्यापेक्षा चूक व्हायच्या आधी हात धरून दाखवणं स्किझोफ्रेनियात जास्त उपयोगी पडतं, कारण झालेली चूकच लक्षात बसते. सांगणं मग आठवड्यागणिक कमी करत जायचं: आधी हात, मग शब्द, मग नुसतं कार्डाकडे बोट.

बिघडतं कुठं? बहुतेक वेळा ८ व्या आणि १० व्या पायरीला. ॲल्युमिनियमचं पातळ पातेलं आणि मोठी आच असली की तळ धरतो. तळ लागला तर ढवळायचं नाही. वरची खिचडी डावानं अलगद दुसऱ्या पातेल्यात घ्यायची, तळ तसाच सोडायचा, वास येत नाही. हा उपाय पहिल्याच खिचडीच्या दिवशी मुद्दाम दाखवा. जळलं तरी जेवण वाचतं, हे ज्यानं पाहिलं तो घरी करून बघायला कमी बिचकतो. आणि ७ व्या पायरीला काहीजण मोहरी घालतात आणि तिकडे बघतच राहतात. फोडणीचं साहित्य आधी एका ताटात ओळीनं मांडून घेतलं की हे टळतं.

उरलेली खिचडी तासा-दोन तासांत संपवा किंवा फ्रिजमध्ये टाका. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत आणि बाहेर ठेवला की वाढतात. संध्याकाळपर्यंत डब्यात ठेवून 'घरी घेऊन जा' म्हणणं बरं नव्हे.

शेंगा चटणी, चौथा आठवडा

सोलापुरात पुरुषांना वर्गात आणायचा हा राजमार्ग. चपाती लाटायला लाजणारा माणूस चटणी कुटायला हसतहसत येतो.

२५० ग्रॅम शेंगदाणे, १० ते १२ लसणाच्या पाकळ्या, १ मोठा चमचा लाल तिखट, १ छोटा चमचा जिरं, १ छोटा चमचा मीठ. आधी दाणे निवडायचे: सुरकुतलेले, बुरशी धरलेले, काळपट फेकून द्यायचे, त्यांत विषारी बुरशी असू शकते. दहा मिनिटांचं हे निवडणं ज्याला त्या दिवशी बोलायचं नसतं त्याच्यासाठी उत्तम. हात चालू राहतात आणि कोणी काही विचारत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी कोणाला आहे का, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारून ठेवलेलं असावं.

मंद आचेवर १२ ते १५ मिनिटं भाजायचे, सतत हलवत. मोठ्या आचेवर साल काळं होतं आणि आतून दाणा कच्चा राहतो. एक दाणा फोडून बघा, मधोमध फिकट बदामी रंग हवा. पूर्ण गार करा, अर्धा तास लागतो. सालं चोळून सुपात पाखडा. मग जिरं-लसूण आधी, दाणे आणि तिखट-मीठ नंतर, खलबत्त्यात कुटा. तेल सुटून चटणी बोटांना चिकटायला लागली की झाली. मिक्सर वापरायची वेळ आलीच तर दोन सेकंद फिरवा, थांबा, ढवळा, पुन्हा दोन सेकंद. सलग फिरवलं की लगदा होतो. गरम दाणे कुटले तर वाफ धरते आणि चटणी लवकर खवट होते.

अस्वस्थ, सारखा येरझाऱ्या घालणारा माणूस बत्ता हातात घेतो तेव्हा ठेका धरतो. शेजारी आवाज न सोसणारं कोणी असेल तर खलबत्त्याखाली पोत्याची घडी ठेवा.

'ही चटणी विकूया' असं कोणीतरी सहाव्या आठवड्यात म्हणतंच. विकायचं म्हटलं की एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आली, लेबल आलं, मागणीचा ताण आला. पहिल्या तुकडीत नको.

भाकरी उलट्या क्रमानं

मळण्यापासून सुरू केलं तर पहिल्या दिवशी भेगा पडलेली ज्वारीची चकती हातात येते आणि माणूस पुन्हा येत नाही. शेवटाकडून शिकवा. पहिल्या वर्गात शिकवणारीनं थापून तव्यावर टाकलेली भाकरी फक्त भाजायची: वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत उलटायची, दुसरी बाजू झाली की लांब चिमट्यानं आचेवर धरायची. भाकरी फुगते, आणि ती त्यानं फुगवलेली असते. दुसऱ्या वर्गात थापणं, तिसऱ्यात मळणं.

एका भाकरीला १ वाटी पीठ आणि अर्धी ते पाऊण वाटी कढत पाणी. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, गरम पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि तेच पीठ बांधून धरतं. दळून पंधरा दिवसांच्या वर झालेलं पीठ आणू नका, त्याची विरी (बांधून धरायची ताकद) गेलेली असते, सुगरणीलाही त्याची भाकरी थापता येत नाही. मालदांडी ज्वारी मिळाली तर काम सोपं जातं. ज्याची भाकरी जाड, वाकडी झाली त्याला ती मंद तव्यावर कडक करायला लावा. कडक भाकरी सोलापुरात कोणी परत करत नाही.

जेवण

शिजवण्याइतकंच महत्त्व एका सतरंजीवर बसून जेवण्याला आहे, वेळ २५ मिनिटं. सगळ्यांचं वर्गातल्याच पातेल्यांतलं, ताटं संस्थेची, घरून स्वतःचं ताट कोणी आणायचं नाही. तुकडीत लिंगायत, पद्मशाली, मुसलमान, दलित, जैन सगळे असतात. वर्गातला स्वयंपाक शाकाहारी ठेवला की कोणी वेगळं बसत नाही. न बोलणाऱ्याला बोलतं करू नका. 'मीठ बरोबर आहे का?' एवढा प्रश्न पुरे. चारदा विचारलं तर एकदा उत्तर येतं.

घरचे लोक

तिसऱ्या आठवड्यात घरच्यांना बोलवा. खिचडी त्यांनी खायची आणि एक गोष्ट कबूल करायची: ठरलेल्या दिवशी २० मिनिटं स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसायचं. आई आत राहिली की डाव तिच्याच हातात जातो. ज्याला वर्गात आचेपाशी एकटं ठेवत नाही, त्याच्याकडे मात्र घरीही कोणीतरी आतच हवं, फक्त हात न लावता. 'एवढंही जमत नाही का' हे वाक्य टाळायला सांगा. घरातल्या सततच्या टीकेचा आजार उलटण्याशी संबंध असल्याचं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि हे त्यांना दोष न देता सांगता येतं. वर्षानुवर्षं करून थकलेली माणसं आहेत ती.

वहीत प्रत्येकाच्या नावापुढं आठवड्याला एकच नोंद: घरी केलं का, आणि कसं. 'सगळं सांगावं लागलं', 'कार्ड बघून केलं', 'आपलं आपण केलं'. न केलं तर कारण विचारा. बहुतेकदा कारण साधं निघतं: घरी मूगडाळ नव्हती, कार्ड भिजलं, लायटर चालत नव्हता. कार्डाला प्लॅस्टिक लावा. आठव्या आठवड्यात १०० रुपये आणि यादी देऊन मंडईत पाठवा, मोकळा माणूस सोबत, पण चार पावलं मागं.

बिनसतंय असं वाटलं तर

दोन-तीन रात्री झोप नाही, एकदम फार बोलणं, अंघोळ सुटणं, जेवणात काहीतरी मिसळलंय असा संशय, नेहमीच्या वस्तू वाटून टाकणं. ह्यातलं काही दिसलं तर त्याला शांत कोपऱ्यात न्या आणि घरी फोन करा. जेवणाचा संशय असेल तर वाद घालू नका, त्याला स्वतःच्या हातानं पातेल्यातून वाढून घेऊ द्या. जगावंसं वाटत नाही असं कोणी सूचित केलं, तर 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही, १४४१६ वर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन (चोवीस तास, फुकट, मराठीतही), आणि लगेच धोका वाटला तर घरच्यांना घेऊन थेट सिव्हिल.

दहाव्या आठवड्यानंतर

तुकडी एकदम बंद करू नका. महिन्यातून एक दुपार ठेवा. जुन्यांपैकी एक-दोघांना पुढच्या तुकडीत मदतनीस घ्या आणि त्याचे पैसे द्या, थोडे का असेनात. फुकट राबवून घेतलं की 'बरं वाटावं म्हणून' चाललंय हे त्यांना लगेच कळतं. शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र छापायला पैसे घालवण्यापेक्षा प्रत्येकाला प्लॅस्टिक लावलेली सहा कार्डं, एक चालू लायटर आणि खूण केलेली ती वाटी देऊन टाका.